बाईच्या हातात माईक द्या, पण मोबाईल खाली ठेवा

मंडळी, पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा, नाहीतर रात्री निवांत वाचा. अर्धी वाचून कमेंट करू नका एवढीच विनंती.

गेल्या आठ-दहा दिवसांत आपल्या सोनपेठमधल्या काही पोरापोरींनी एक कल्पना काढलीय. उसाला गेलेली माणसं गावाकडं परत आली की एका संध्याकाळी सगळ्यांनी जमायचं, आणि ज्याला वाटेल त्यानं माईकपुढं येऊन स्वतःच्या आयुष्यातली एक गोष्ट सांगायची. गोष्ट खरी पाहिजे, स्वतःची पाहिजे, कागदात बघायचं नाही. कविता नको, भाषण नको, शायरी तर मुळीच नको. दहा मिनिटं, बस्स.

यावर ग्रुपवर जे काही रामायण झालं ते तुम्ही वाचलंच असेल. एक गट म्हणायलाय, घरची धुणी चव्हाट्यावर कशाला धुवायची. दुसरा गट म्हणायलाय, वा वा, फारच छान, आमदारसाहेबांना बोलवू, आत्महत्याग्रस्त कुटुंबातल्या भगिनींचा साडीचोळी देऊन सत्कार करू, सगळं फेसबुकवर लाईव्ह करू.

पहिल्या गटाची भीती मला कळते. दुसऱ्या गटाच्या उत्साहाची मला जास्त भीती वाटते.

आपल्याकडं असले कार्यक्रम कसे होतात ते आठवून बघा. मंडप, मागं डिजिटल बॅनर, बॅनरवर बावीस चेहरे. दीपप्रज्वलन, हारतुरे, प्रास्ताविक, मग उद्घाटक, प्रमुख पाहुणे, विशेष उपस्थिती. ज्यांच्यासाठी म्हणून कार्यक्रम ठेवला त्या बायका पहिल्या रांगेत डोक्यावर पदर घेऊन दीड तास बसलेल्या. शेवटी सूत्रसंचालक एकेकीचं नाव पुकारतो, त्यातली दोन नावं चुकतात. बाई येते, साडीचं पाकीट आणि नारळ घेते, कॅमेरा सांगेल तिकडं बघते, जाते. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो. फोटोखाली पुढाऱ्यांची ओळीनं नावं आणि शेवटी "व लाभार्थी महिला". तिनं तोंड उघडलेलं नसतं. कुणी उघडायला सांगितलेलंही नसतं. चुकून एखादीच्या हातात माईक दिलाच, तर "दोन शब्द बोला ताई", आणि ती "सगळ्यांचे आभार" म्हणेपर्यंत माईक काढून घेतलेला असतो.

बाईला स्टेजवर बोलावतात ते दाखवायला. तेव्हा ही नवी संध्याकाळ त्याच वळणानं जाणार असेल तर ती न झालेली बरी, हे मी आधीच सांगून टाकतो.

आता "चव्हाट्यावर कशाला" म्हणणाऱ्यांसाठी.

आपल्या तालुक्यात ज्या घरातला कर्ता माणूस गेला, त्या घरातल्या बाईनं ती गोष्ट किती वेळा सांगितलेली असते याचा हिशोब कुणी केलाय का? आधी पोलिसाला, पंचनाम्याच्या वेळी, अजून अंगणात माणसं बसलेली असताना. मग तलाठ्याला. मग बँकेच्या माणसाला. तहसीलमध्ये. मग कुणी पत्रकार येतो, कुणी संस्थेवाला फॉर्म घेऊन येतो, कुणी पीएचडी करणारा येतो. शेवटी ते प्रकरण जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढं जातं आणि तिथं तिच्या सगळ्या संसाराला एक शब्द मिळतो, पात्र किंवा अपात्र. सातबारा त्याच्या नावावर होता का, कर्ज बँकेचं की सोसायटीचं की परवानाधारक सावकाराचं, थकीत होतं का. बसलं तर पात्र. पात्र म्हणजे एक लाख. 2006 पासून रक्कम तीच. त्यातले तीस हजार हातात आणि सत्तर हजार बँकेत किंवा पोस्टात ठेव. सोन्याचा भाव 2006 ला काय होता आणि आज काय आहे ते तुम्हीच बघा. जमीन सासऱ्याच्या नावावर राहिली असली किंवा उसनवारी गावातल्याच कुणाची, कागदाविना असली, तर ती फाईल किती अवघड जागी अडकते हे ज्यांनी तहसीलच्या पायऱ्या झिजवल्यात त्यांना विचारा.

म्हणजे गोष्ट चव्हाट्यावर केव्हाच गेलीय. फक्त तिच्या तोंडून गेलेली नाही. ती गेलीय रकान्यांतून.

मला एका बाईनं सांगितलेलं आहे (गाव सांगत नाही, ओळख पटेल असं काही सांगत नाही). ती म्हणाली, सगळ्यांनी मला कर्ज किती ते विचारलं. मला एकच सांगायचं होतं, त्याच्या आदल्या आठवड्यात त्यांनी बैलाला नवी झूल आणली होती. पोळ्याला बरेच दिवस होते. जायचंच होतं तर झूल कामून आणली? हा प्रश्न ती कितीतरी वर्षं घेऊन फिरतेय. कुठल्याही फॉर्ममध्ये झुलीचा रकाना नाही. मला उत्तर माहीत नाही आणि तिलाही उत्तर नको होतं. तिला तो प्रश्न कुणापुढं तरी मोठ्यानं म्हणायचा होता, आणि त्या कुणाच्या हातात पेन नको होता.

यवतमाळचं उदाहरण सगळ्यांना आठवत असेल. जानेवारी 2019, 92 वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन. उद्घाटनाला नयनतारा सहगल येणार होत्या, त्यांचं आमंत्रण मागं घेतलं गेलं, राज्यभर गदारोळ झाला, कितीतरी साहित्यिकांनी जायचं नाकारलं. अध्यक्षपदी अरुणा ढेरे होत्या. आणि उद्घाटन केलं वैशाली येडे यांनी. यवतमाळ जिल्ह्यातल्याच, आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या पत्नी. त्या काय बोलल्या ते यूट्यूबवर आहे, ऐका. अडचणीच्या वेळी दिल्ली नाही, गल्लीतलीच बाई कामाला येते, अशा अर्थाचं त्यांचं बोलणं त्या वेळी सगळ्यांच्या तोंडी झालं होतं. मंडपात बसलेल्या मोठमोठ्या माणसांना आपल्याकडं वळून बघायला लावणारं ते भाषण होतं. त्यात दया मागितलेली नव्हती.

बरेच लोक म्हणाले, वाद झाकायला आयोजकांनी तिला पुढं केलं. असेलही. पण आयोजकांनी कशासाठी बोलावलं आणि ती काय बोलून गेली या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आणि एक गोष्ट त्या कौतुकात राहून गेली. वैशालीताई त्या दिवशी पहिल्यांदा माईकपुढं आल्या नव्हत्या. त्याआधी त्या 'तेरवं' नावाच्या नाट्यप्रयोगात काम करत होत्या. श्याम पेठकर यांचं लेखन, हरिश इथापे यांचं दिग्दर्शन. विदर्भातल्या शेतकरी आत्महत्या झालेल्या घरांतल्या बायकाच त्यात रंगमंचावर उभ्या राहतात. तेरवं म्हणजे तेरावा, हे वेगळं सांगायला नको. म्हणजे माईकपुढं उभं राहण्याआधी या बायका एकमेकींसमोर बोलल्या होत्या, तालमीत रडल्या असतील, हसल्या असतील, कुठलं सांगायचं आणि कुठलं पोटात ठेवायचं हे ठरवलं असेल. यवतमाळच्या त्या काही मिनिटांमागं हे सगळं होतं. आपण मात्र समजतो, बाईला पकडून आणलं, माईक दिला, की गोष्ट आपोआप बाहेर येते. अशानं फक्त हुंदका बाहेर येतो. आणि हुंदक्याला टाळ्या वाजवून आपण जेवायला जातो.

सिंधुताई सपकाळांचं सांगतो. माईंना ऐकलं नाही असा मराठी माणूस शोधून सापडणार नाही. गरोदरपणी घराबाहेर काढलेली बाई, गोठ्यात बाळंत झालेली, रेल्वेत गाणी म्हणून भीक मागितलेली. ही सगळी कहाणी त्यांनी गावोगाव, कॉलेजात, यात्रेत, गणपतीच्या मंडपात उभं राहून सांगितली. भाषण झालं की पदर पसरायचा. त्या पदरात पडलेल्या पैशावर अनाथ लेकरांची ताटं वाढली. 2010 मध्ये त्यांच्यावर सिनेमा आला, 2021 मध्ये पद्मश्री मिळाली, 4 जानेवारी 2022 ला त्या गेल्या. स्वतःची खरी गोष्ट भरल्या सभेत सांगणं यात महाराष्ट्रात त्यांच्या तोडीचं कुणी झालं नाही, असं मला वाटतं. पण कधी असंही मनात येतं, की आयुष्यातली सगळ्यात वाईट रात्र एका बाईला हजारो वेळा सांगावी लागली, कारण लेकरांना जेवायला घालायचं होतं. आपण ऐकणारे दर वेळी रडलो आणि दर वेळी घरी गेलो. त्यांचं मोठेपण त्यानं कमी होत नाही. आपलं होतं.

बायकांनी स्वतःबद्दल बोलायचं नसतं, आपली ती परंपरा नाही, असंही एका काकांनी लिहिलंय. काकांचा मान ठेवून सांगतो, गंगाखेड आपल्यापासून लांब नाही. जनाबाई तिथल्या. नामदेवाच्या घरी दासी म्हणून दळण-कांडण, झाडलोट करणारी बाई. तिनं तेच दळण, तेच शेण, तोच एकटेपणा विठ्ठलाला सांगितला आणि सातशे वर्षं महाराष्ट्र ते गातोय. स्वतःबद्दल बोलण्याची याहून जुनी परंपरा कुठली दाखवायची?

आणि जातं. गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर या दोघांनी खेड्यापाड्यांत फिरून बायकांच्या तोंडच्या लाखावर ओव्या गोळा केल्या. आज त्या 'पारी' या संकेतस्थळावर ऐकायला मिळतात. त्यात आपल्या जिल्ह्यातल्या ताडकळसच्या गंगूबाई आंबोरे यांचा आवाज आहे. सीतेच्या वनवासाच्या ओव्या. एकदा कानाला लावून ऐका, मग कळेल की वनवास सीतेचा असला तरी गळा कुणाचा दाटलाय. आपल्या आज्या हेच करत आल्या. सासूचं नाव घ्यायची सोय नव्हती म्हणून कैकेयीचं घेतलं, नवऱ्यानं टाकलं म्हणायची सोय नव्हती म्हणून रामानं टाकलं म्हणाल्या. पहाटेचा अंधार, जात्याची घरघर आणि शेजारी दळायला बसलेली दुसरी बाई. एवढा आडोसा होता म्हणून बोलता आलं.

जातं गेलं. पिठाच्या गिरणीत कुणी ओवी म्हणत नाही. आडोसा गेला आणि त्या जागी काहीच आलं नाही. फार तर टीव्हीवरची मालिका आली.

अमेरिकेत 'द मॉथ' म्हणून एक कार्यक्रम आहे. 1997 मध्ये न्यूयॉर्कला सुरू झाला. खरी गोष्ट, स्वतःची गोष्ट, हातात कागद नाही. आपल्या पोरांनी नियम तिथनंच उचललेत, त्यात काही वाईट नाही. मॉथ म्हणजे दिव्यावर येणारा पतंग. ज्यानं ते सुरू केलं त्या लेखकाच्या गावाकडं रात्री ओसरीवर मंडळी गप्पा मारत बसायची आणि दिव्याभोवती पतंग घिरट्या घालायचे, त्यावरून नाव. म्हणजे त्यांचंही मूळ आपल्या पारासारखंच, ओट्यासारखंच. आता पुण्या-मुंबईतही तिकीट लावून असे कार्यक्रम होतात.

पण न्यूयॉर्कमध्ये किंवा पुण्यात एक सोय आहे. समोर बसलेली माणसं अनोळखी असतात. सांगणारा सांगतो, मोकळा होतो, रिक्षा करून घरी जातो. आपल्याकडं समोर कोण बसणार? तिसऱ्या रांगेत दीर, ज्यानं बांध रेटला. त्याच्या मागं तो मुकादम, ज्याच्याकडून उचल घेतलीय आणि पुढच्या दिवाळीलाही घ्यायची आहे. उजवीकडं शाळेतले गुरुजी, डावीकडं सासरची भावकी. निम्मा श्रोता तिच्या गोष्टीत आहे. सोनपेठमध्ये खरं बोलणं न्यूयॉर्कपेक्षा अवघड आहे ते यामुळं. आणि झालंच तर त्याला किंमतही जास्त आहे ती यामुळंच. अनोळखी माणसानं ऐकून टाळी वाजवली तर टाळीच मिळते. गावानं ऐकलं तर उद्या त्याच गावाला तिच्या दारावरून जायचं आहे.

उसाचा विषय निघालाच आहे तर. दिवाळीच्या आगेमागे आपल्या तालुक्यातनं, शेजारच्या बीडमधनं किती गाड्या भरून जातात ते आपण डोळ्यांनी बघतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. पहाटे तीनला उठायचं, थंडीत ऊस तोडायचा, मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरनं ट्रकात चढायचं. पाळी असो, पोटात लेकरू असो. खाडा झाला की दंड. बीड जिल्ह्यातल्या बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याच्या बातम्या आल्या, तेव्हा 2019 मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारनं समिती नेमली. त्या पाहणीत 82,309 ऊसतोड महिलांची माहिती घेतली, त्यातल्या 13,861 जणींची पिशवी काढलेली निघाली. सहातली एक. हा आकडा आकाशातनं पडला नाही. कुठल्यातरी बाईनं पहिल्यांदा कुणापुढं तरी तोंड उघडलं, मग दुसरीनं उघडलं, मग कार्यकर्त्यांनी आवाज उठवला, मग पेपरात आलं, मग विधिमंडळात गेलं. त्या पहिल्या बाईला "घरची धुणी चव्हाट्यावर कशाला" असं कुणी म्हटलंच नसेल असं वाटतं का तुम्हाला?

पण मी पुरुषांचंही म्हणतोय. किंबहुना पुरुषांचं जास्त. बायका निदान एकमेकींच्या गळ्यात पडून रडतात तरी. आपला माणूस बोलतच नाही. पीक गेलं, बोलत नाही. पोरीचं लग्न मोडलं, बोलत नाही. फार झालं तर नव्वद मारतो आणि मग जे बोलतो ते दुसऱ्या दिवशी त्यालाच आठवत नाही. व्यसनमुक्तीच्या कामात एक पद्धत आहे, अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या बैठकीत माणूस उभा राहतो, स्वतःचं नाव सांगतो, मी दारुडा आहे म्हणतो आणि आपली कहाणी सांगतो. बाकीचे ऐकतात. सल्ला देत नाहीत, चूक काढत नाहीत, कारण तेही त्याच वाटेनं आलेले असतात. आणि तिथली गोष्ट त्या खोलीबाहेर जात नाही. हा शेवटचा नियम लक्षात ठेवा, मी त्याच्याकडं परत येणार आहे.

म्हातारी माणसं तर आपण वायाच घालवली. दर 17 सप्टेंबरला झेंडा लावतो, मराठवाडा मुक्तिसंग्रामाचा इतिहास म्हणून तेच पाच परिच्छेद वाचतो. ज्यांनी रझाकाराच्या भीतीनं रात्री गाव सोडलं, धान्य पेवात पुरलं, ती माणसं शाल-श्रीफळ घेऊन खुर्चीवर बसलेली असायची आणि शाळेतला पोरगा त्यांना पाठ केलेला इतिहास ऐकवायचा! आता ती पिढी जवळपास संपली. बहात्तरच्या दुष्काळाची पिढी अजून आहे. खडी फोडलेले हात अजून आहेत, सुकडीची चव, मिलोची भाकरी आठवणारी माणसं अजून ओट्यावर बसलेली आहेत. त्यांनाही शाल देऊन गप्प बसवायचं का?

आता विरोधकांचा एक मुद्दा खरंच वजनदार आहे. सांगून होणार काय?

काही होईलच असं मीही म्हणत नाही. दक्षिण आफ्रिकेत वर्णद्वेषी राजवट गेल्यावर डेस्मंड टुटू यांच्या अध्यक्षतेखाली सत्य आणि समेट आयोग नेमला. 1996 पासून लोकांनी भर सभेत, रेडिओवर, टीव्हीवर आपल्यावर काय गुदरलं ते सांगितलं. एकवीस हजारांच्या वर जबाब आले, त्यातल्या साधारण दोन हजार जणांना जाहीर सुनावणीत बोलता आलं. सगळं जग रडलं. आणि भरपाई? 2003 मध्ये एकरकमी तीस हजार रँड जाहीर झाले. आयोगानं सुचवलं होतं त्याहून कितीतरी कमी. बोलून मन हलकं होतं म्हणतात, पण बोलून झाल्यावर काहीच हललं नाही तर ते मन पहिल्यापेक्षा जड होतं, हेही तितकंच खरं.

उलट राजस्थानात बघा. डिसेंबर 1994, पाली जिल्ह्यातलं कोट किराणा गाव. मजदूर किसान शक्ती संघटनेनं पहिली जनसुनवाई घेतली. कामाचे हजेरीपट, बिलं लोकांपुढं मोठ्यानं वाचायची आणि ज्याचं नाव निघेल त्यानं उठून सांगायचं, मी या कामावर गेलो होतो की नव्हतो. कागदावरची माणसं आणि बसलेली माणसं यांचा मेळ बसेना. तिथनं सुरू झालेली ती गोष्ट 2005 च्या माहिती अधिकाराच्या कायद्यापर्यंत गेली. तिथं गोष्ट आणि कागद शेजारी शेजारी ठेवले होते. म्हणून नुसत्या रडण्यावर ते थांबलं नाही.

म्हणून माझं म्हणणं असं, की या दोन संध्याकाळी वेगळ्या ठेवा. त्यांची खिचडी करू नका. ज्याला तक्रार करायची आहे, उचल-दंडाचा हिशोब मांडायचा आहे, अपात्र ठरलेली फाईल दाखवायची आहे, त्यासाठी कागदासकट सुनवाई घ्या, तहसीलदारांना पत्र द्या, समोर बसवा. ग्रामसभा आहे. ग्रामसभेआधी महिलांची सभा घेणं कायद्यानं बंधनकारक आहे. आपल्या तालुक्यात किती गावांत ती खरोखर भरते आणि किती गावांत रजिस्टर घरोघर फिरवून अंगठे घेतात ते सरपंचांनी छातीवर हात ठेवून सांगावं. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे 2022 मध्ये विधवा प्रथेविरुद्ध ठराव केला. नवरा गेल्यावर कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, जोडवी काढणं बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारनं बाकीच्या ग्रामपंचायतींनी हा कित्ता गिरवावा म्हणून परिपत्रक काढलं. सभेत बोललं तर ठराव होऊ शकतो, याचा हा ताजा दाखला. आपल्याकडच्या किती ग्रामपंचायतींनी तो विषय अजेंड्यावर घेतला, विचारा.

आणि ही गोष्टींची संध्याकाळ? तिच्यात निकाल लावायचा नाही. कुणी दोषी ठरवायचा नाही. म्हणून तिथं दुसऱ्याचं नाव घेऊन आरोप नको. माझं काय झालं ते मी सांगेन, त्यानं काय केलं याचा खटला तिथं चालवणार नाही. काही जण म्हणतील, मग दांडगे लोक सुटले. सुटले नाहीत, त्यांच्यासाठी दुसरी संध्याकाळ ठेवलीय. शिवाय नाव न घेता सांगितलं तरी तिसऱ्या रांगेतल्या माणसाला कळायचं ते कळतंच. गावात कळायला नाव लागत नाही.

खरं-खोटं कोण तपासणार, असं एकानं विचारलंय. कुणी नाही. पुढच्या रांगेत तुमची आत्या बसलेली असताना थाप मारून बघा.

आता लाईव्हचं. इथं मी हट्टी आहे. मंडपात दीडशे माणसांपुढं बोललेली गोष्ट आणि मोबाईलमध्ये गेलेली गोष्ट या दोन गोष्टी नाहीतच. मंडपातल्या दीडशे माणसांनी तिला उभी राहताना बघितलंय, मध्येच थांबलेलं बघितलंय, पाणी पिताना बघितलंय. मोबाईलमध्ये जातो तो तीस सेकंदांचा तुकडा, खाली रडक्या इमोजी आणि मागं कुणीतरी लावलेलं सॅड म्युझिक. तो तुकडा तिच्या पोरीच्या वर्गातल्या पोरांकडं जातो. तिच्या नव्या सोयरिकीकडं जातो. कारखान्यावरच्या मुकादमाकडं जातो आणि पुढच्या हंगामाला उचल मिळत नाही. एकदा बोललेलं परत घेता येत नाही, पण माणसं विसरतात, आणि हा विसर पडणं फार मोठी दया असते. मोबाईल विसरत नाही. वैशालीताईंना राज्यभर ऐकलं जाईल हे माहीत होतं आणि त्या तयारीनं त्या उभ्या राहिल्या. ज्या बाईनं फक्त आपल्या गावापुढं बोलायचं ठरवलंय तिला तुम्ही परस्पर जगापुढं उभं करू शकत नाही. म्हणून दारात एक टोपली ठेवा. मोबाईल टोपलीत, मग आत. ज्याला मोबाईलशिवाय दोन तास करमत नाही त्यानं घरी बसावं, त्याच्यावाचून अडणार नाही.

सत्कार नको, साडी नको, बॅनरवर कुणाचा फोटो नको. आमदार, सभापती, नगराध्यक्ष यांना यायचं असेल तर जरूर यावं. चटईवर बसावं. वाटलं तर त्यांनीही एक खरी गोष्ट सांगावी, दहा मिनिटांत, विरोधकांचं नाव न घेता. मला ती ऐकायला मनापासून आवडेल, चेष्टा करत नाही.

ज्यांना बोलायचंय त्यांनी आधी चार-पाच वेळा लहान बैठकीत बसावं, बायकांनी बायकांत, आठ-दहा जणींत. तिथं बोलून ज्यांना वाटेल की एवढंच पुरे, त्यांनी मोठ्या संध्याकाळी नुसतं ऐकायला यावं. ऐन वेळी कुणी नाही म्हणालं तर "का" विचारायचं नाही. आणि दुःखाचंच सांगायला पाहिजे असं कुणी ठरवलं? पहिल्यांदा एसटीत एकटी बसलेली बाई, पहिल्या पगारात आईला चष्मा घेतलेला पोरगा, भावकीच्या भांडणात बैल कुणाचा यावरून झालेली गंमत, हेही खरंच आहे की. नाहीतर दोन तास नुसता शोकसभेचा रंग येईल आणि तिसऱ्या वेळी कुत्रं फिरकणार नाही.

गोष्ट संपल्यावर काय करायचं हाही प्रश्न आहे. टाळ्या वाजवायच्या का? झुलीची गोष्ट ऐकून टाळी वाजवणारे हात मला बघवणार नाहीत. कुणी "भगवंताची इच्छा" म्हणून समजूत घालू नये, कुणी "आमच्याकडं तर याहून वाईट झालं" सुरू करू नये. थोडा वेळ गप्प बसता आलं तर बसावं.

तारीख अजून ठरलेली नाही. गाड्या परत आल्याशिवाय ठरवूही नका, नाहीतर ज्यांच्यासाठी करायचं तेच फडावर आणि आपण इथं त्यांच्याबद्दल बोलत बसलेलो. जागा शाळेचं पटांगण नको, तिथं रस्त्याचा आवाज येतो. देवळाचाही सभामंडप नको, सगळ्या जातीधर्माच्या बायकांना मोकळेपणी यायला पाहिजे, उगाच कुणाच्या मनात शंका नको. कुणाचं तरी खळं किंवा मळ्यातलं पत्र्याचं शेड बघा. स्पीकरवाल्याशी मी बोललोय, एक माईक आणि दोन बॉक्स देतो म्हणालाय, पैसे घेत नाही. आवाज शेडच्या बाहेर जाणार नाही एवढाच ठेवायचा. चटया तीस-चाळीस लागतील, आपापल्या घरनं आणा. आणि लाईट जाणार हे धरून चाला. जनरेटर नको, त्याच्या घरघरीत काही ऐकू येणार नाही, दोन-चार कंदील किंवा चार्जिंगचे दिवे कुणाकडं असतील त्यांनी कमेंटमध्ये सांगा.

आमदारांना बोलवू म्हणणाऱ्यांनीही कमेंट करावी. पण वर लिहिलंय, अर्धी वाचून नाही.